वर तोंड करून बसणारी माशी

माझ्या शेजारी पाच मिनिटं बसलात की तुम्हाला कळेल, हा माणूस स्वस्थ बसणाऱ्यातला नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, अगदी सुनेच्या माहेरी पाहुणा म्हणून गेलो तरी माझे डोळे भिंतीवर, खांबावर, ताटाच्या कडेवर फिरत असतात. माशी दिसली की मी उठतो. हाकलायला नाही, बघायला. बायको डोळे वटारते, मी खाली बसतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा उठतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. जनावरांच्या रोगांचं निदान करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत मी सारी नोकरी काढली आणि त्यातली बहुतेक वर्षं माझ्याकडे एकच काम होतं, ते म्हणजे माशा ओळखणं.

लोक हसतात. माझ्या सोयरिकीच्या वेळी मुलीच्या मामांनी सरळ विचारलं होतं की माशी ओळखायला सरकार पगार कशाला देईल, माशी तर आम्हीही ओळखतो. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. गोठ्यात ज्या माशा दिसतात त्या सगळ्या एका जातीच्या नसतात. एखादी नुसती चाटते, एखादी रक्त पिते, एखादी जखमेत अंडी घालते. प्रत्येकीची पैदास वेगळ्या घाणीत होते, म्हणून प्रत्येकीचा बंदोबस्तही वेगळा. ओळख चुकली की औषध वाया जातं, वेळ वाया जातो, आणि कधी कधी भलत्याच माणसाला भोगावं लागतं. हे शेवटचं मी मामांना सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा ते मलाच माहीत नव्हतं.

काम मला शिकवलं नांदेडच्या मुनीरसाहेबांनी. ते निजामाच्या काळात हैदराबादला शिकलेले. पांढरा कोट, पानाने रंगलेले ओठ, आणि समोर भिंग. इंग्रजी शब्द सांगायचे, तो उर्दूत समजावायचे आणि मग मला विचारायचे की तुमच्या शेतात याला काय म्हणतात. त्यातून माझी एक वही तयार झाली. माशीच्या डोक्याला पुढे दोन आखूड मिशा असतात, पुस्तकात त्यांना शृंगिका म्हणतात. त्या प्रत्येक मिशीतून एक बारीक केस निघतो, त्याला अरिस्टा म्हणायचं. मला भिंगातून तो दिसला आणि मी म्हणालो, हे तर गव्हाच्या ओंबीवरचं कुसळ. वहीत कुसळ लिहिलं. पुढे कितीतरी वर्षांनी एका जाड पुस्तकात वाचलं की तो मूळ लॅटिन शब्दही कुसळ याच अर्थाचा आहे. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत जो भेटेल त्याला ते सांगत सुटलो होतो.

घरमाशीच्या कुसळाला दोन्ही बाजूंनी केस असतात. गुरांना चावणाऱ्या एका माशीच्या कुसळाला ते फक्त वरच्या बाजूने असतात, एका अंगाला दात असलेल्या फणीसारखे. घरमाशीच्या पंखातली चौथी शीर टोकाजवळ एकदम कोपरात वाकते, चावरीची नुसती बाक घेते. पंखांच्या मागे दोन इवल्या गाठी असतात, त्यांना संतुलक म्हणतात. त्यांच्यामुळे माशीचा तोल राहतो. पाठीवर दोघींच्याही चार काळे पट्टे असतात, आणि तिथेच नवा माणूस फसतो. खरा फरक तोंडात आहे. घरमाशीची सोंड खाली लोंबते, तिच्या टोकाला मऊ गादी असते, ती चाटून खाते. चावरीची सोंड कडक, काळी, बाभळीच्या काट्यासारखी पुढे आलेली. मुनीरसाहेब माझ्या मानेवर हात ठेवून मला भिंगाकडे ढकलायचे आणि म्हणायचे, "पीठ सबकी एकीच है मियाँ, मुँह देखो." मी तोंड बघायला शिकलो आणि त्याचा मला फार अभिमान होता.

माझ्या वडिलांना मात्र त्यात काही अभिमान वाटला नाही. आम्ही इस्लापूरकडचे, बौद्ध. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं, त्यापायी गावाने वर्षभर आम्हाला पिठाची गिरणी बंद केली, विहीर तर आधीच बंद होती. वडिलांनी ते सगळं सोसलं होतं. मी नोकरीला लागलो, काय काम करतो ते त्यांना समजावलं, तेव्हा त्यांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आम्ही मेलेलं ढोर सोडलं आन् तू त्याच्यावरची माशी धरली." ते हसून म्हणाले होते. मला ते लागलं आणि अजून लागतं.

नांदेडला असताना गिऱ्हाइकं मोठी मजेची यायची. धर्माबादचा एक मिरचीचा व्यापारी औषधाच्या बाटलीत सहा माशा घेऊन आला. शेजारच्या मिठाईवाल्याशी त्याचं वैर. या माशा त्याच्याच दुकानातून माझ्या दुकानात येतात असं मी शिक्क्यानिशी लिहून द्यावं, एवढीच मागणी. मी सांगितलं की माशीच्या अंगावर मालकाचं नाव नसतं. तो म्हणाला, "मग तुमी एवढा येळ भिंगातून काय वाचून राहिले?" त्याला मी चहा पाजून परत पाठवलं.

मग लातूर जिल्हा झाला आणि मला तिकडे पाठवलं. नवा जिल्हा म्हणजे काय असतं ते ज्यांनी त्या काळात नोकरी केली त्यांनाच कळेल. पाटी लागली होती, खुर्च्या यायच्या होत्या. आमची पत्रं जुन्या जिल्ह्याला जायची, तिथून शेरे मारून परत यायची. कुठलं खातं कुठल्या भाड्याच्या खोलीत बसतं हे रिक्षावाल्यांनाही सांगता येत नसे. आम्हाला मिळालेली जागा आधी पेंडीचं गोदाम होती, त्यामुळे माझ्या आधी माशा हजर होत्या. एक भिंग, एक टेबल, एक स्टूल, आणि जीप नाही. माझी नेमणूक तात्पुरती होती. कायम व्हायचं की नांदेडला परत जायचं, ते साहेबांच्या एका अहवालावर अवलंबून होतं. साहेब पुण्याकडचे, स्वच्छ, शिस्तीचे, आणि त्यांनाही नव्या जिल्ह्यात आपलं काम दिसायला हवं होतं. आम्ही दोघंही सारखे घड्याळाकडे पाहत असू.

त्यातच दुष्काळ पडला. टँकर सुरू झाले, गुरांच्या छावण्या उघडल्या. निलंग्याच्या पलीकडे एका गावाबाहेर अशीच एक छावणी होती; गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. माघ संपत आला होता. तिथली गुरं चारा टाकायला लागली, रात्रंदिवस पाय आपटायला लागली, एकमेकांना चिकटून उभी राहायला लागली. मालकांनी ओरड केली. छावणी चालवणाऱ्यांचा मुकादम म्हणाला की शेण उचलणाऱ्या बायका कामचुकार आहेत, म्हणून माशा झाल्या. बायका म्हणाल्या की आम्ही दिवसातून दोनदा उचलतो. कोण खरं, ते माशीवरून ठरणार होतं. घरमाशी असेल तर ती शेणात होते, म्हणजे दोष बायकांचा. दुसरी कुठली असेल तर दोष दुसरीकडे शोधायचा.

मी जायला हवं होतं. जीप नव्हती, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो, पण एसटी होती. मी गेलो नाही. मी तिथल्या स्टॉकमनला, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातल्या सहायकाला, नमुना कसा धरायचा त्याची लेखी सूचना पाठवली. थाळीत कागद, कागदावर ओला गूळ, तासभर ठेवा, वरून जाळी टाका. आमची ती नेहमीची रीत होती. हॉटेलं, दूधडेऱ्या, खाटीकखाने, सगळीकडे आम्ही तशाच माशा धरायचो. नमुना एसटीच्या कंडक्टरबरोबर आला. चाळीसेक माशा. मी एकेक करून सगळ्यांची तोंडं पाहिली, कुसळं पाहिली, पंखाची चौथी शीर पाहिली. सगळ्या घरमाश्या. एकीचंही तोंड कडक नव्हतं. मुनीरसाहेबांनी पाठ थोपटली असती इतकं नीट काम.

अहवालाचा नमुना छापील होता. 'पैदास शेणात झालेली असून शेण वेळेवर उचलले जात नसल्याचे दिसते' हे वाक्य त्यात आधीच छापलेलं होतं. लागू नसेल तर खोडायचं. मी ते खोडलं नाही. मला काहीच दिसलेलं नव्हतं, तरी 'दिसते' या शब्दाखाली मी सही केली. चार दिवसांत कळलं की तीन बायकांना कामावरून कमी केलं. मी 'बरं' म्हणालो आणि पुढची बाटली उघडली.

आठवड्याने सकाळी अकराच्या सुमाराला गोदामाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, उंच, काटक. तिने आत एक नजर टाकली आणि विचारलं, "हितं माशीचे साहेब कोण?"

शिपाई हसला. मी हात वर केला. तिने आत येऊन पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत तीन माश्या होत्या, दोन चेंगरलेल्या, एक धड. मग तिने दोन्ही हात कोपरापर्यंत पुढे केले. लाल ठिपक्यांनी भरले होते. ती गयाबाई, छावणीतून काढलेल्या तिघींपैकी एक.

"तुमी लिव्हलंव म्हनं, घरची माशी हाय. घरची माशी चावत न्हाई साहेब. ही चावायली. बैलाला बी आन् आमाला बी."

मला राग आला. खरं सांगायचं तर बाईचा नाही, वेळेचा. साहेब आत होते, टेबलावर काम होतं. मी तिला म्हणालो की मी चाळीस माश्या तपासल्यात, अंदाजाने लिहिलेलं नाही. आणि बढाई म्हणा किंवा काही म्हणा, मी तिला भिंगाशी बोलावलं, नमुन्यातली माशी दाखवली, खाली लोंबणारी सोंड दाखवली. तिने एक डोळा मिटून नीट पाहिलं.

"ही हायच की घरची," ती म्हणाली. "पर धरली कशावर?"

मी सांगितलं, गुळावर.

"गुळावर कशी येईल ती? तिला रगत लागतंय."

एवढंच बोलली. मी स्टुलावर बसलो. जी माशी रक्तावर जगते ती शोधायला मी गूळ ठेवायला सांगितला होता. गुळावर ज्या यायच्या त्याच आल्या, आणि मी त्यांचं अंग अंग बरोबर ओळखलं. तपासणीत एक चूक नव्हती आणि निष्कर्ष साफ खोटा होता. तिच्या पदरातली धड माशी मी भिंगाखाली घेतली. काटा पुढे आला होता. कुसळाला एकाच बाजूने केस. चौथ्या शिरेला कोपर नाही. मला इतकी शरम वाटली की मान वर करून तिच्याकडे पाहवेना.

दुपारच्या एसटीने मी तिच्याबरोबर निघालो. साहेबांना सांगून निघालो, कारण सांगितलं नाही. निलंग्याला गाडी बदलली. गाडीत तिने गाव विचारलं, मग विचारलं, "कोन लोक तुमी?" मी म्हणालो, बौद्ध. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. शेतं उघडी होती, ज्वारीची धाटंही उरली नव्हती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग तं तू बगायला यायला पायजे होतं." साहेबाचा एका वाक्यात तू झाला. त्यानंतर ती मला शेवटपर्यंत तूच म्हणाली, आणि मला ते बरं वाटलं.

छावणीत शिरल्यावर माझी अस्वस्थता मला क्षुल्लक वाटायला लागली. दोनेकशे जनावरं, आणि एकही स्थिर नाही. बैल पुढचा पाय आपटायचा, मग मागचा, मग शेपटी, मग पुन्हा पुढचा. नुसता धपधप आवाज. देवणी बैलांची एक देखणी जोडी होती, काळे-पांढरे, मोठ्या कानांचे. त्यांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत रक्ताचे बारीक ओघळ वाळले होते. माश्या पायांवरच होत्या. पोटावर, डोळ्यांजवळ साध्या माश्याही होत्या, त्या काही करत नव्हत्या. माझ्या स्वतःच्या पोटरीला पँटवरून दोन डंख बसले. दोन मिनिटांत मीही बैलासारखा पाय आपटायला लागलो, आणि गयाबाई हसली.

मला नमुना हवा होता, पण एवढ्या गर्दीत कुठली माशी कुठली हे उघड्या डोळ्यांनी कसं ओळखायचं? पाठीचे पट्टे तेच, रंग जवळपास तोच. मी नळी घेऊन नुसता इकडून तिकडे फिरत होतो. गयाबाईने मला एका लाकडी मेढीजवळ नेलं, जिला दावण बांधली होती. म्हणाली, "हे बग. घरची माशी मेढीवर बसली तं तिचं तोंड खाली आसतंय, जमिनीकडं. ही वर तोंड करून बसती."

मी पाहिलं. मेढीवर दहा-बारा माश्या होत्या. काहींची डोकी खाली, काहींची वर. डोकं वर असलेल्या सात माश्या मी नळीत धरल्या, डोकं खाली असलेल्या चार दुसऱ्या नळीत. खिशातल्या भिंगाने तिथेच उकिडवं बसून तोंडं तपासली. सातच्या सात चावऱ्या. चारच्या चार घरमाश्या. वहीत कुसळ, कोपर, संतुलक असे ऐंशी-नव्वद शब्द मी जमवले होते, आणि त्या सगळ्यांच्या आधी उपयोगी पडणारी खूण त्यात नव्हती. मी तिला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, कोन सांगील, दिसतंय की. पुढे ते मी पुस्तकातही वाचलं. जाणकारांनाही ते ठाऊक होतं. मला ते तिने सांगितलं.

आता पैदास कुठे, हा प्रश्न. ही माशी ताज्या शेणात सहसा होत नाही. तिला कुजका, ओला, मुतात भिजलेला पाला लागतो. मला शोधायला वेळ लागला नाही. दावणींच्या मागे प्रत्येक मालकाने आपापली गंजी करून ठेवली होती, उसाच्या वाढ्यांची, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पानांची. गुरांनी खाऊन उरलेली, तुडवलेली, मुतलेली वाढी. दुष्काळात चारा फेकायचा नसतो. उद्या ट्रक आला नाही तर हेच घालू, म्हणून प्रत्येकाने उष्टंपाष्टं जमवून, वर पोतं टाकून, ओल उडू नये म्हणून दाबून ठेवलं होतं. कुणाची लबाडी नव्हती. माणसं काटकसर करत होती आणि त्या काटकसरीत माशी वाढत होती.

देवणी जोडीचे मालक शंकरराव, साठीचे, पांढरं धोतर. मी त्यांना म्हणालो की ही गंजी काढावी लागेल. त्यांनी गंजीवरचं पोतं नीट ओढून घेतलं. मग आजूबाजूच्या मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दुष्काळात चारा फेकायला सांगनारा मानूस सरकारी नोकरच आसनार."

लोक जमले. मुकादम आला. मी अंडी, अळी, कोष सांगायला लागलो. कुणी ऐकत नव्हतं. मला वाटलं, इथून आता निघावं. तेवढ्यात गयाबाईने कुणाचं तरी फावडं घेतलं आणि शंकररावांच्या गंजीच्या बुडात घातलं. शंकरराव ओरडले, तिने ऐकलं नाही. गंजी उकलली, आतून वाफ आली, आंबूस वास आला, आणि बूड हलत असलेलं सगळ्यांनी पाहिलं. अळ्याच अळ्या. शंकरराव वाकले, मूठभर पाला हातात घेतला, त्यातली वळवळ पाहिली आणि टाकून दिला. धोतराला हात पुसत ते आपल्या बैलांकडे गेले आणि त्यांच्या पायांवरून हात फिरवत उभे राहिले.

"जाळू नका, फेकू नका," गयाबाई म्हणाली. "पसरा. उन्हात पातळ पसरा. वाळलं की किडा मरतंय. मंग सरपन तरी होईल."

मी एवढंच म्हणालो की ती म्हणते ते शास्त्राप्रमाणे बरोबर आहे. त्या दिवशी गंज्या पसरायला मालकांबरोबर जे हात लागले त्यात कामावरून काढलेल्या तिघी होत्या. त्यांना कुणी या म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नवा अहवाल लिहिला. पहिल्या अहवालातला निष्कर्ष चुकीचा होता, नमुना चुकीच्या पद्धतीने घेतला होता, सूचना माझी होती, शेण उचलण्याचा याच्याशी संबंध नाही. साहेबांनी तो दोनदा वाचला. पहिला अहवाल वर गेला होता, त्यावर त्यांचीही सही होती. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात म्हणाले, एका छावणीवर दोन अहवाल गेले तर या प्रयोगशाळेवर पुढे कोण विश्वास ठेवील? माश्या कमी होणारच आहेत, मग हा कागद कशाला? कायम होण्याचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर होता, तोही त्यांनी बोटाने थोडा सरकवला. मी उभाच होतो. घरी नवी बायको होती, पहिलं मूल व्हायचं होतं. खोटं सांगत नाही, मी कागद परत घेतला, बाहेर गेलो, गोदामाला दोन फेऱ्या मारल्या. मग आत जाऊन तो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सही केली आणि माझ्या गोपनीय अहवालात 'निष्कर्ष काढण्यात घाई' असा शेरा लिहिला. तो शेरा पुढे बारा वर्षं माझ्या मागे फिरला. तो खोटा होता असं मी म्हणू शकत नाही.

तीन आठवड्यांत छावणीतल्या माश्या उतरल्या. गुरं खाली बसून रवंथ करायला लागली. तिन्ही बायकांना परत घ्यावं असा कागद निघाला. मी तो कळवायला स्वतः गेलो, माझ्या अहवालाची कार्यालयीन प्रत पिशवीत घालून, जरा मिरवतच. दोघी कामावर परतल्या होत्या. गयाबाई नव्हती. ती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेली होती, दोन कोसांवर. मी चालत गेलो.

ती बाभळीच्या अर्धवट सावलीत बसून दगड फोडत होती. मी सांगितलं की तुला परत घेतलंय. ती म्हणाली, ऐकलंय. मग मी कागद काढला आणि तिला अहवाल वाचून दाखवला. सोंडेची रचना, कुसळाच्या एका बाजूचे केस, पंखातली चौथी शीर. ती ऐकत फोडत होती. 'ही माशी उभ्या पृष्ठभागावर डोके वर करून बसते' हे वाक्य आलं तेव्हा तिचा हातोडा थांबला.

"हे मी सांगितलं."

मी हो म्हणालो.

"मंग तसं लिव्हलंस का?"

मी पुढचे शब्द वाचले. 'असे स्थानिक निरीक्षणावरून समजले.' तिने अर्थ विचारला. मी म्हणालो, म्हणजे तिथल्या लोकांनी पाहिलं.

"कोन्या लोकांनी?"

मी कागदाची घडी घातली. ती माझ्याकडे सरळ पाहत होती, रागाने नाही.

"काढायच्या कागदावर माझं नाव होतं. गयाबाई भ्रतार सटवाजी. मुकादमानं समद्यांम्होरं वाचून दाखवलं. आन् ह्या कागदावर न्हाई?"

मग तिने पुढचा दगड ओढून घेतला. छावणीत ती परत आली नाही. मी साहेबांकडे जाऊन म्हणालो की अहवालात एक नाव घालायचं राहिलं. ते म्हणाले की एका माशीवर तिसरा अहवाल पाठवता येत नाही, आणि त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. त्या माशीच्या अंगावरच्या एकूणएक भागाचं नाव त्या कागदावर आहे. तो जुन्या जिल्ह्यात असेल, नव्या जिल्ह्यात असेल, कुठल्या तरी कपाटात असेल.

या अंकासाठी अनुभव लिहून द्या म्हणून पत्र आलं तेव्हा मी चार दिवस घरभर येरझाऱ्या घातल्या. मग लिहायला बसलो, ते एवढ्यासाठी: घरमाशी खांबावर तोंड खाली करून बसते, चावरी माशी तोंड वर करून बसते. ही ओळख गयाबाई भ्रतार सटवाजी यांनी सांगितली.